पावसाची बेगमी : सह्याद्रीतील विजेचा शंभर वर्षांचा हिशेब

विजेचा इतिहास सांगताना पहिला दिवा कोठे लागला येथून आरंभ करण्याची पद्धत आहे. आम्ही आज दिवा गेला तेथून आरंभ करतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई शहराचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि साथीचे दिवस असल्यामुळे रुग्णालयांची काळजी सर्वांना लागून राहिली. बाहेरून शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्यांत बिघाड झाला होता. अशा प्रसंगी शहराला भोवतालच्या जाळ्यापासून वेगळे काढून स्वतःच्या विजेवर जगविण्याची एक योजना मुंबईत १९८१ पासून आहे. ती त्या दिवशी उपयोगी पडली नाही. आता शहर पुन्हा उभे करावयाचे तर पहिली वीज आणावयाची कोठून? कोळशाचे केंद्र एकदा थंड पडले म्हणजे ते पुन्हा पेटविण्यालाच वीज लागते. त्या दिवशीच्या धडपडीत ज्यांना हाक मारली गेली त्यांत खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील पाण्यावर चालणारे संच होते. यांपैकी खोपोलीचे केंद्र सुरू झाले १९१५ साली.

शंभर वर्षे उलटून गेलेल्या केंद्राला शहराने संकटात हाक मारावी, ही गोष्ट नुसत्या कौतुकाची नाही. तिचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. खोपोलीच्या यंत्रात काही जादू नव्हती. जादू होती ती घाटमाथ्यावर थांबून राहिलेल्या पाण्यात. झडप उघडली की ते खाली येणार आणि चाक फिरणार, एवढा साधा तो व्यवहार आहे. आज सूर्यावर व वाऱ्यावर चालणाऱ्या विजेची चर्चा सर्वत्र चालू आहे, आणि ती चालू असणे योग्यच आहे. तथापि या चर्चेत एक भेद वारंवार विसरला जातो असे आम्हांला वाटते. पुनःपुन्हा मिळणारी ऊर्जा ही एक गोष्ट, आणि हवी तेव्हा मिळणारी ऊर्जा ही दुसरी. पाऊस दरवर्षी येतो, सूर्य दररोज उगवतो, पण आपल्याला दिवा लावावयाचा असतो तेव्हाच ते येतात असे नाही. या दोहोंमधील अंतर भरून काढते ती साठवण. आपल्या घरांत ज्याला बेगमी म्हणतात, तीच ही. आणि साठवण म्हटली की तिला जागा लागते. ती जागा कोणाची तरी असते. महाराष्ट्रातील विजेचा इतिहास हा आमच्या मते या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

हिंदुस्थानात पाण्यापासून वीज करण्याचा प्रारंभ दार्जिलिंगजवळ १८९७ साली झाला. तो प्रयोग लहान होता, एका गावाच्या दिव्यांपुरता. त्यानंतर १९०२ साली म्हैसूर संस्थानाने कावेरीच्या शिवसमुद्रम् येथील धबधब्यावर केंद्र उभारले आणि तेथील वीज सुमारे दीडशे किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत तारांवरून नेली. हे धाडस त्या काळी फार मोठे होते. परंतु सह्याद्रीची अडचण याहून निराळी होती. येथे कावेरीसारखी मोठी नदी धबधब्यावर आयती येऊन उभी नाही. येथे आहे तो चार महिन्यांचा पाऊस. आषाढ-श्रावणात लोणावळ्याच्या माथ्यावर जो पाऊस कोसळतो तो पाहून कोणालाही वाटावे की या डोंगरात पाण्याची ददात पडणे शक्य नाही. आणि फाल्गुन-चैत्रात त्याच माथ्यावरचे ओढे पाहावेत तर पावलापुरतेही पाणी नसते. गिरणीचा मालक तर बारा महिने चाक फिरत राहावे म्हणणार. तेव्हा येथे विजेचा प्रश्न हा आरंभापासूनच बेगमीचा प्रश्न होता.

लोणावळ्याचा पाऊस अडवून मुंबईला वीज द्यावी ही कल्पना गॉसलिंग नावाच्या मुंबईतील एका स्थापत्यविशारदाने जमशेटजी टाटा यांच्या कानी घातली. जमशेटजी १९०४ साली निवर्तले, आणि ती कल्पना पुरी करण्याचे काम त्यांच्या मुलांकडे आले. सह्याद्रीची रचना या कल्पनेला विलक्षण अनुकूल होती. घाटमाथ्यावरच्या नद्या पूर्वेकडे वाहतात आणि भीमा-कृष्णेच्या वाटेने थेट बंगालच्या उपसागराला मिळतात. पण खरा उतार आहे तो पश्चिमेकडे. माथ्यावरून कोकणात एकदम पाचशे मीटरांची उडी. पूर्वेकडे जाणारे पाणी धरणाने थोपवावे, बांधीव कालव्याने कड्याच्या काठाशी आणावे आणि पोलादी नळांतून पायथ्याशी सोडावे, म्हणजे त्याच्या आघाताने चाक फिरेल. हिशेब साधा आहे. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले तर यंत्रातील घट वजा जाता सव्वा युनिटाच्या जवळपास वीज मिळते. म्हणजे घरात जे एक युनिट जळते त्यासाठी घाटमाथ्यावर आठशे लिटरांहून अधिक पाणी कोठेतरी थांबून राहिलेले असावे लागते. तलाव मोठे का लागतात, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

१९१० साली कंपनी स्थापन झाली. १९११ च्या फेब्रुवारीत मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तीन तलाव त्याचे पोट होते. गिरणीमालक आरंभी बिचकत होते, आणि त्यांचे बिचकणे अगदीच अडाणीपणाचे होते असे आम्ही म्हणणार नाही. कोळसा पार बंगालकडून आणावा लागे, तो महाग पडे, त्याच्या धुराने परळ-लालबागचे आकाश काळे होई. पण तो वखारीत ढीग करून डोळ्यांसमोर ठेवता येई. पुढच्या वर्षी पाऊस दगा देईल की काय, ही शंका घेणाऱ्याला कोळशाचा ढीग धीर देत असे. शंका फिटली ती तलाव भरलेले पाहून. पाठोपाठ भिवपुरीचे केंद्र १९२२ साली व भिरा येथील १९२७ साली सुरू झाले, आणि मुंबईची गिरणगावे सह्याद्रीच्या पाण्यावर फिरू लागली. धुराच्या ऐवजी पाऊस हा सौदा शहराला मोठ्या फायद्याचा झाला यात शंका नाही.

परंतु सौद्याला दुसरी बाजू होती. भिऱ्याच्या केंद्राला पाणी पुरविण्यासाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी, मुळशी येथे, धरण बांधावयाचे ठरले. त्या तलावाखाली मुळशी पेट्यातील पन्नासाच्या आसपास गावे जाणार होती. ही मावळची भूमी. भाताची खाचरे, आंबेमोहोराचा वास आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने ही जमीन एका खाजगी कंपनीसाठी संपादन करावयास घेतली. सार्वजनिक हित हे कारण दाखविले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी आपल्या बायकामुलांसह धरणाच्या जागी बसून सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते याच लढ्यात. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनीही या लढ्यापायी तुरुंगवास सोसला. काही काळ काम थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि १९२४ च्या अखेरीपर्यंत लढा मोडून पडला. बापटांना त्यापायी दीर्घ कारावास भोगावा लागला. धरण झाले, गावे बुडाली.

या लढ्याकडे आज पाहताना दोन्ही बाजूंना न्याय दिला पाहिजे. विजेच्या बाजूने बोलणारे सगळे लोभी होते असे नव्हे. शहराला वीज हवी होती, कोळसा वाचत होता, देशी भांडवलावर देशी उद्योग उभा राहत होता, आणि या गोष्टी त्या काळच्या पुष्कळ राष्ट्रवादी माणसांना मनापासून प्रिय होत्या. उलट पक्षी मावळ्यांचे म्हणणे फार थोडक्यात सांगता येईल: आमची जमीन आम्ही विकावयास काढलेली नाही. यावर उत्तर दिले गेले ते पैशाच्या भरपाईचे. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. त्या पेट्यातील पुष्कळ जमिनीवर पुण्यातील सावकारांचे हक्क चढलेले होते. ज्यांच्या नावे कागद होता त्यांना रोख रक्कम ही आपत्ती वाटण्याचे कारण नव्हते. ज्यांचा नांगर त्या मातीत होता त्यांना मात्र रकमेतून दुसरी माती मिळणार नव्हती. सत्याग्रहाच्या एकजुटीला तडा गेला तो बऱ्याच अंशी येथे. भरपाई कागदाला मिळते आणि विस्थापन माणसाचे होते, हा धडा मुळशीने महाराष्ट्राला १९२४ पूर्वीच शिकविला होता. तो आपण किती शिकलो हे पुढे पाहावयाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर साठवणीचे काम सरकारने हाती घेतले, आणि त्याचे सर्वांत भव्य रूप म्हणजे कोयना. बांधकाम १९५४ साली सुरू झाले आणि पहिला संच १९६२ साली फिरू लागला. धरणाची उंची १०३ मीटर; मागे पसरलेला तलाव तो शिवाजीसागर. पूर्वेकडे जाणारी कोयना येथे अडविली जाते आणि तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे, पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोरलेल्या केंद्रावर पडते. तेथून सुटलेले पाणी कोळकेवाडी येथे पुन्हा अडवून पुन्हा वापरले जाते, आणि मग ते वाशिष्ठीला मिळते. चौथ्या टप्प्याचे हजार मेगावॉटचे संच १९९९-२००० मध्ये सुरू झाले, आणि त्यासाठी भरलेल्या तलावाच्या तळाला आतून छिद्र पाडण्याचे जे अवघड काम १९९९ साली केले गेले त्याचे कौतुक देशभर झाले. आज कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, कारण घाटाखाली सोडलेला प्रत्येक थेंब हा पूर्वेकडच्या कोरड्या शेतांना मुकलेला थेंब असतो. म्हणजे साठवण ही जागेची जशी वाटणी आहे तशी ती पाण्याचीही वाटणी आहे.

कोयनेने दोन धडे दिले. पहिला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. त्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि दूर मुंबईतील गिरण्या-कारखान्यांची वीज तुटली. धरण उभे राहिले, पण त्याला तडे गेले आणि पुढे ते भक्कम करावे लागले. मोठ्या तलावाच्या भाराचा आणि भूकंपाचा संबंध काय, या प्रश्नाच्या अभ्यासात कोयनेचे नाव तेव्हापासून जगभर घेतले जाते. सगळी बेगमी एकाच कणगीत ठेवू नये, हे शेतकऱ्याच्या घरातील शहाणपण राज्याला त्या पहाटे फार महाग किमतीला मिळाले. दुसरा धडा गाजावाजा न होता मिळाला. शिवाजीसागराखाली शंभराच्या आसपास गावे गेली. तेथील कुटुंबे सोलापूर, सांगली, ठाणे, कुलाबा अशा जिल्ह्यांत विखुरली गेली, आणि त्यांच्या नातवंडांनाही पुनर्वसनाच्या हक्कासाठी कोयनानगरला येऊन बसावे लागले. महाराष्ट्राने विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. देशात असा कायदा प्रथम करण्याचा मान या राज्याकडे जातो, आणि तो रास्त आहे. पण कोयनेच्या तलावात पाणी चढल्याला तेव्हा दशकाहून अधिक काळ लोटला होता.

मध्यंतरी काळ बदलला. गावोगाव तारा पोचल्या, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि मागणी इतकी वाढली की एकट्या पाण्याने ती भागणे अशक्य झाले. कोराडी, नाशिक, चंद्रपूर येथे कोळशाची केंद्रे उभी राहिली. मुख्य भार कोळशावर गेला आणि पाणी संध्याकाळच्या वाढत्या मागणीसाठी राखून ठेवले जाऊ लागले. ही व्यवस्था शहाणपणाची होती. कोळशाचा संच सावकाश चढतो व सावकाश उतरतो. पाण्याचा संच काही मिनिटांत पुऱ्या ताकदीने उभा राहतो. परंतु नवीन केंद्रे मागणीच्या मागे पडत गेली. १९९२ साली दाभोळच्या प्रकल्पाचा करार झाला. विदेशी भांडवल, आयात इंधन आणि भरमसाट दर यांच्यावर उभा केलेला तो डोलारा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. ज्या काळात राज्याने आपली वीज वाढवावयाची, तो काळ एका भांडणात खर्ची पडला.

त्यानंतर आले ते भारनियमन. हा शब्द आमच्या भाषेत सरकारी कागदांतून आला आणि पाहता पाहता शेतकऱ्याच्या तोंडी रुळला, यातच त्या वर्षांची कथा आहे. २००५ नंतरची काही वर्षे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असतील. खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे, आणि कृषिपंपांना तीनवाती वीज मिळे ती आळीपाळीने, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री दोन वाजता उसाला पाणी द्यावयास जाणाऱ्या माणसाच्या हाती विजेरी आणि मनात सापाची भीती असे. याच सुमारास, २००६ साली, पुणे शहराने एक तोड काढली. कारखान्यांनी आपली डिझेल जनित्रे चालवावीत, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळावी, आणि त्याचा जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी भरावा. नियामक आयोगाने तिला मान्यता दिली आणि पुण्यातील भारनियमन थांबले. योजना कल्पक होती, तिच्यात लपवाछपवी नव्हती, ज्याने घ्यावयाचे त्याने मोजून घेतले. मुंबईला तर आपली निराळी व्यवस्था आधीपासूनच होती. पण नकाशा समोर ठेवून पाहिले म्हणजे काय दिसते? ज्यांना विश्वासार्ह वीज विकत घेता आली त्यांना ती मिळाली. उरलेल्यांच्या वाट्याला जे आले ती विजेची वाटणी नव्हती, अंधाराची होती. आणि त्या अंधारात ज्यांच्या जमिनीवर तलाव उभे होते त्यांची गावेही होती.

देशाची कथा याहून वेगळी नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवसांत उत्तर व पूर्व भारताचे जाळे कोसळले आणि सुमारे साठ कोटी लोकवस्तीचा प्रदेश अंधारात गेला. त्यानंतर जाळे अधिक बळकट करण्याकडे लक्ष गेले, आणि २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले जाऊन सबंध भारत एका तालावर चालू लागला. सोलापूरकरांनी याचा थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाही. मोठ्या जाळ्याने एका प्रांताची तूट दुसऱ्याच्या शिलकीने भरते. परंतु जाळे म्हणजे साठवण नव्हे. शेजाऱ्याकडून पीठ उसने आणता येते ते शेजाऱ्याच्या डब्यात पीठ असेल तरच.

आता सूर्य आणि वारा यांच्याकडे वळू. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. वनकुसवड्याचे पठार पाटण तालुक्यात, कोयनेच्याच परिसरात आहे. एका बाजूला साठवलेला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला वाहता वारा असे दृश्य तेथे आहे. वारा सर्वांत जोरात वाहतो तो पावसाळ्यात, म्हणजे नेमका तलाव भरावयाच्या दिवसांत. त्या दिवसांत वाऱ्याने वीज करावी आणि पाणी राखावे, हा मेळ निसर्गानेच घालून दिला आहे. धुळे जिल्ह्यात साक्री येथे १२५ मेगावॉटचे सौर केंद्र २०१३ साली झाले. २०१७ मध्ये राज्याने कृषिवाहिन्यांना सौरवीज देण्याची योजना काढली, आणि तिचा हेतू शेतकऱ्याला दिवसा पाणी देता यावे हा आहे. आमच्या मते साऱ्या सौरयोजनांत ही सर्वांत शहाणी. कारण येथे ऊर्जेच्या वेळेशी माणसाने आपल्या कामाची वेळ जुळवून घेतली आहे. दुपारी उपसलेले पाणी मातीत मुरते, आणि तीही एक साठवणच होय. रात्रीच्या सापाचे भय त्यातून जितके सरेल तितके ते भारनियमनाच्या वर्षांचे प्रायश्चित्त ठरेल.

परंतु सगळी कामे दुपारी करता येत नाहीत. २०२५ साली भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मा वाटा कोळसा, तेल व वायू सोडून इतर साधनांचा झाला, आणि तो ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी झाला. ही कामगिरी लहान नाही. मात्र क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. त्याही वर्षी प्रत्यक्ष वापरलेल्या विजेत कोळशाचाच वाटा दोन-तृतीयांशाहून अधिक होता. कारण उघड आहे. सौरपट्ट्या संध्याकाळी मान टाकतात, आणि घराघरांतले दिवे, पंखे, शीतयंत्रे नेमकी त्याच वेळी चालू होतात. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत चढली होती. अशा उन्हाळ्यात दुपारचे ऊन रात्रीपर्यंत राखून ठेवण्याची सोय ज्याच्याकडे असेल त्याचाच दिवा अखंड राहील. शंभर वर्षांपूर्वी प्रश्न होता श्रावणाचा पाऊस चैत्रापर्यंत ठेवण्याचा. आज आहे दुपारचे ऊन रात्रीपर्यंत ठेवण्याचा. प्रश्न तोच आहे, त्याची मुदत तेवढी आखूड झाली आहे.

आणि आश्चर्य असे की उत्तरही बऱ्याच अंशी तेच आहे. विद्युत्‌घट तर येतच आहेत, त्यांचे काम ते करतील. पण मोठ्या प्रमाणावर वीज साठविण्याचे जुने व पारखलेले साधन म्हणजे दोन तलाव, एक वर आणि एक खाली. वीज शिलकी असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवावे, तूट असेल तेव्हा खाली सोडावे. चार युनिटे खर्चून तीनच्या आसपास परत मिळतात. एकाचा तोटा होतो, पण हवी तेव्हा मिळालेली तीन युनिटे नको तेव्हाच्या चारांहून मोलाची असतात. जायकवाडी व उजनी येथे याचे लहान संच आहेत. भिरा येथे दीडशे मेगावॉटचा संच १९९० च्या दशकात बसला, आणि घाटघर येथे अडीचशे मेगावॉटचे केंद्र २००८ साली सुरू झाले. सरळ कड्यांचा सह्याद्री अशा जोडतलावांसाठी जणू घडविलेलाच आहे. राज्याने २०२३ साली यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, आणि एकामागून एक करार झाले. त्यांतील एक करार ऑगस्ट २०२३ चा. शिरवटा येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॉटचा. शिरवटा आणि भिवपुरी! खोपोलीला पाणी देणारा तो शिरवटा, आणि १९२२ सालचे ते भिवपुरी. शतकाची फेरी पुरी करून आपण पुन्हा त्याच घाटमाथ्यावर येऊन उभे आहोत.

म्हणूनच मुळशीचा प्रश्नही पुन्हा उभा राहतो, आणि तो आताच विचारला पाहिजे. जोडतलावांना मुळशी-कोयनेइतकी भूमी लागत नाही हे खरे. तेच पाणी वरखाली फिरत असल्यामुळे तलाव लहान असतात. पण सह्याद्रीचा माथा रिकामा नाही. तेथे धनगरांचे वाडे आहेत, कातकरी, ठाकर व महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत, देवराया आहेत. अनेकांच्या कसण्याला कागदाचा आधार आजही तोकडा आहे. भरपाई कागदाला आणि विस्थापन माणसाला हा मुळशीचा प्रकार येथे पुन्हा घडणार नाही अशी व्यवस्था करणे शक्य आहे. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ साली नवा कायदा आला आणि त्याने संमती व पुनर्वसन यांना निदान कागदावर स्थान दिले. आमची मागणी त्यापुढची आहे, आणि ती फार मोठी नाही. ज्याच्या जागेवर साठवण उभी राहील त्याला एकदाची रक्कम देऊन मोकळे न होता त्या साठवणीच्या उत्पन्नात वर्षानुवर्षे वाटा मिळावा. आणि तारा शहराकडे निघण्याआधी त्या वाडीत दिवा लागावा, व तो शहराइतकाच अखंड असावा.

कोणी म्हणेल, याने वीज महाग होईल. होईलही थोडी. पण मग ती आजवर स्वस्त होती ती कोणाच्या जिवावर, याचा जमाखर्च एकदा मांडावा लागेल. पुण्यातील ग्राहकांनी २००६ साली अखंड विजेसाठी जादा पैसे मोजलेच होते. त्यासाठी कोणी त्यांना वेड्यात काढले नाही. अखंडपणाची किंमत असते हे आपण जाणतो. ती किंमत डिझेलला देताना आपण कुरकुरलो नाही. ती घाटमाथ्यावरच्या माणसाला देताना मात्र हात आखडता घेतो, एवढाच काय तो फरक.

बेगमी करणाऱ्या घरात एक रीत असते. कणगी भरण्याआधी बलुतेदारांचे आणि गड्यांचे माप काढून ठेवतात. मग उरलेले धान्य आत जाते. ते माप न काढता भरलेली कणगी चार महिने पुरते, पण त्या घराला पुढच्या पेरणीला माणूस मिळत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर नवी कणगी बांधावयास आपण निघालो आहोत. माप आधी काढावे.